वाइड लेन्सची घरगुती परीक्षा

शिर्डीतल्या हॉटेलांच्या खोल्यांचे फोटो काढणं हे माझं काम. पलंग, दोन खुर्च्या, भिंतीवर टीव्ही, की खोली संपली. पण मोबाईलवर बुकिंग करणाऱ्या माणसाला ती ऐसपैस दिसायला हवी. म्हणून मी बाथरूमच्या दाराला पाठ लावून, कधी कपाटात अर्धी शिरून, वाइड झूम लेन्सने ती खोली टिपते. माझी जुनी लेन्स बरीच वर्षं इमानाने चालली. तिचा दोष एकच, कडा मऊ यायच्या. मधला पलंग अगदी धारदार, चादरीचा धागान् धागा दिसेल असा, आणि कोपऱ्यातला पडदा मात्र दुधात बुडवून काढल्यासारखा.

गेल्या हिवाळ्यात एका नव्या हॉटेलाचं काम आलं. मालक आमच्या राहात्याकडचाच, पेरूच्या बागेतून हॉटेलच्या धंद्यात आलेला. फोनवर म्हणाला, "ताई, खोल्या बारक्या हायेत, पन फोटोत लई मोठ्या दिसल्या पायजेत. आन् कोपरं धुरकट नकोत. माझ्या जुन्या लॉजचं फोटो बघून गिऱ्हाईक इचारायचं, भिंतीला वल हाय का म्हनून."

मी हसले, पण ते मला लागलं. त्या लॉजचे फोटो माझेच होते.

नगरच्या ओळखीच्या दुकानदाराकडून मी दोन वाइड झूम बघायला आणल्या. एक नवीकोरी, एक वापरलेली पण दर्जाने वरची. तो म्हणाला, "घरी नेऊन नीट बघा. पसंत पडेल ती ठेवा, दुसरी सोमवारी आणून द्या." हॉटेलचं शूट मंगळवारी होतं. म्हणजे जे काय ठरवायचं ते रविवारीच.

लेन्सची परीक्षा घरी घ्यायची तर फार काही लागत नाही. सपाट भिंत, बारीक अक्षरं, न हलणारा कॅमेरा आणि थोडा उजेड. आमच्या हॉलच्या भिंतीवर मी वर्तमानपत्राची पानं एकाला एक भिडवून चिकटवली. छोट्या जाहिरातींची पानं मुद्दाम निवडली होती, कारण त्यांच्याइतकं बारीक छापलेलं घरात दुसरं काही नव्हतं. मधोमध आलं ते स्मरणार्थ जाहिरातींचं पान. त्यात एका म्हाताऱ्या बाईंचा फोटो होता, नऊवारीतला, पासपोर्टसाठी काढतात तसा समोरून.

माझे यजमान शाळेत भूमिती शिकवतात. कॅमेरा भिंतीला काटकोनात आहे की नाही हे बघायचं काम मी त्यांच्यावर सोपवलं होतं. त्यांनी दोरी लावून ट्रायपॉडची अंतरं मोजली, पाणसळ ठेवून कॅमेरा सपाट केला आणि "आता तुझी लेन्स नापास झाली तर दोष माझा नाही" असं म्हणून सोफ्यावर बसले.

आधी जुनी लेन्स लावली. हॉटेलात मी फोकस कॅमेऱ्यावरच सोडते, पण परीक्षेत तसं चालत नाही. तिथे फोकस हाताने करायचा. व्ह्यूफाइंडरमध्ये मधला भाग मोठा करून बघायचा आणि अक्षरं टोकदार होईपर्यंत लेन्सवरचं कडं फिरवायचं. मी डावा डोळा मिटला, उजवा व्ह्यूफाइंडरला लावला आणि कडं फिरवू लागले.

अक्षरं टोकदार होईनात. एका बाजूला फिरवलं की धूसर, दुसऱ्या बाजूला फिरवलं की धूसर, आणि मधे जिथे ती लख्ख व्हायला हवीत तिथे एक मळकट डाग. चष्मा पुसला. व्ह्यूफाइंडरची काच पुसली. पुन्हा तेच. जुनी लेन्स म्हातारी झाली असं म्हणून मी नवी लावली.

तिच्यातही तेच.

वापरलेली लावली. तिच्यातही मधोमध तेच.

इथे मला काहीतरी खटकायला हवं होतं. वाइड लेन्स कितीही टाकाऊ असली तरी तिचा मध्यभाग चांगलाच असतो, बिघडतात त्या कडा. मला उलट दिसत होतं. कडेची अक्षरं ठीक आणि मध्यभाग पुसलेला. तीन वेगवेगळ्या लेन्स एकाच जागी, एकाच रीतीने कशा बिघडतील? पण डोक्यात मंगळवारचं शूट होतं, आणि घाईतलं डोकं सोपं उत्तर शोधतं. मी ठरवलं, कॅमेराच गेला.

लॅपटॉपवर फोटो उघडले तर गोंधळ आणखी वाढला. हाताने फोकस केलेले फोटो खरंच मऊ होते. पण चुकून कॅमेऱ्याने स्वतः फोकस केलेले दोन फोटो मधोमध चोख होते. त्या बाईंच्या कपाळावरचं कुंकूसुद्धा कडेने स्वच्छ.

"कॅमेरा बिघडलेला असता तर हे दोन कसे चांगले आले?" यजमानांनी विचारलं.

"तुम्ही ट्रायपॉड हलवला असेल."

"मी सोफ्यावर होतो."

"मग पंखा चालू असेल."

"पंखा सकाळपासून बंद आहे. माझ्यावर कशाला चिडतेस?"

मी चिडलेच होते. पुन्हा व्ह्यूफाइंडरला डोळा लावला. या वेळी मधला भाग मोठा न करता सगळं पान बघितलं, आणि अंगावर काटा आला. दोन रकान्यांमधली उभी रेघ मधोमध आल्यावर आत दबली होती, कुणीतरी बोटाने ढकलावी तशी. आणि त्या बाईंचा चेहरा एका बाजूला ओघळला होता. एक डोळा खाली, आणि तोंड जिथे हवं तिथे नुसता करडा धूर.

"जरा इकडे या," मी म्हणाले. "यातून बघा आणि काय दिसतं ते सांगा."

ते उठून आले. बराच वेळ बघत राहिले. "पान दिसतंय. सगळं स्वच्छ आहे. जरासं फोकस मागे-पुढे असेल."

"मधली रेघ?"

"सरळ आहे."

"नाही. वाकडी आहे. लेन्स रेघा वाकवते."

भूमितीच्या मास्तरांना रेघ वाकडी म्हटलेलं चालत नाही. त्यांनी पेटीतली स्टीलची लांब पट्टी काढली, भिंतीपाशी जाऊन त्या रेघेला लावली आणि म्हणाले, "हे बघ. कागदावर सरळ आहे. आता पट्टीशी ताडून कॅमेऱ्यातून बघ, म्हणजे लेन्सचा दोष किती ते कळेल."

मी कॅमेऱ्यातून बघितलं. पट्टीही वाकली होती.

का कोण जाणे, मी कॅमेऱ्यापासून चेहरा बाजूला घेतला आणि डावा डोळा तसाच मिटलेला ठेवून नुसत्या उजव्या डोळ्याने त्या पट्टीकडे बघितलं. स्टीलची पट्टी, यजमानांच्या हातात ताठ धरलेली, मधे आत दबलेली होती. आणि तिच्या पलीकडे त्यांचा चेहरा बघायला गेले तर चेहऱ्याच्या जागी तोच करडा धूर.

डावा डोळा उघडला. सगळं जागच्या जागी आलं. मिटला. गेलं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"लेन्स चांगल्या आहेत," मी म्हणाले. "दोष माझ्या डोळ्यात आहे."

दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याचं झाकतो, हे मला नंतर कळलं. आणि मी रोज कामात कॅमेऱ्याला फोकस करू देत होते, म्हणून व्ह्यूफाइंडरमध्ये नुसती खोलीची मांडणी बघत होते. हे केव्हापासून चाललं होतं कुणास ठाऊक.

त्या दिवशी रविवार, दवाखाने बंद. यजमानांनी फोनाफोनी करून नगरच्या एका डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांची सोमवारी सकाळची वेळ मिळवली. मधली सगळी दुपार मी घरभर डावा डोळा झाकून फिरत होते. खिडकीचे गज, फरशीच्या रेघा, दाराची चौकट. प्रत्येक वेळी वाटायचं की आता सरळ दिसेल.

"नको बघूस सारखी," ते म्हणाले.

"बघितलं नाही तर सरळ होणारे का?"

ते भिंतीवरची पानं उतरवायला लागले, तर मी ओरडले, "राहू द्या ती!" माझाच आवाज मला परका वाटला.

मला भीती होती ती माझ्या वडिलांमुळे. ते कर्जतकडे गावी राहतात. एका डोळ्याने त्यांना समोरचं दिसत नाही, फक्त कडेकडेचं दिसतं. आम्हाला ते कळलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. त्यांच्या चष्म्याची काच बाटलीच्या बुडाएवढी जाड, माझीही तशीच. लहानपणी सगळे म्हणायचे, पोरगी बापाचे डोळे घेऊन आली.

मी त्यांना फोन लावला. माझं काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं, "दादा, तुमच्या डोळ्याला सुरुवातीला काय झालं होतं?"

"आता कशाला गं ते?"

"सांगा ना."

"पेरनी चालली हुती. जवारीची. मी बांधावरून बगत हुतो, तर मातीत वढल्यालं तास वाकडं दिसाय लागलं. पाभर धरून पेरनाऱ्या गड्याला लई बोललो. म्हनलं, दारू पिऊन आलास काय रं? त्यो बिचारा शपथा घ्याया लागला. पीक उगावलं तवा बी मला वाकडंच दिसायचं. मंग एक दिस तुझ्या आईनं म्हनलं, तास सरळ हायेत की वो."

"मग दाखवलं का नाही?"

"दुसरा डोळा हुता की. काम चालत हुतं." मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "का गं? तुला काय झालंय?"

"काही नाही. सहज."

"खोटं बोलू नगंस."

मी फोन ठेवला. रडायला आलं ते त्या गड्यासाठी की दादांसाठी की माझ्यासाठी, सांगता येत नाही.

सोमवारी निघालो तेव्हा दोन्ही लेन्स पिशवीत घेतल्या होत्या, परत द्यायच्या म्हणून. नगरच्या रस्त्यावर किती खड्डे आहेत ते इकडच्या माणसाला सांगायला नको, त्यात साखर कारखाने चालू. उसाच्या जोडट्रॉल्यांच्या मागे गाडी रांगत होती. ट्रॉलीच्या मागच्या दांडीकडे मी एक डोळा मिटून बघत होते. यजमानांनी समोरची नजर न हलवता एक हात माझ्या मांडीवर ठेवला. तेवढ्याने मी डोळा उघडला.

दवाखान्यात थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसवलं, मग एका यंत्रावर हनुवटी टेकवून आत कुठेतरी हिरवा दिवा बघायला लावला. डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. डोळ्याच्या पडद्याचा आडवा छेद होता तो, जमिनीच्या थरांसारखा. मधोमध एके ठिकाणी थर वर उचलले होते, खाली काहीतरी साठलं होतं.

"किती दिवसांपासून होतंय?"

"काल कळलं."

"कळलं काल. झालंय आधीच." त्या शांतपणे सांगत होत्या. "चष्म्याचा नंबर मोठा असला की डोळा मागे ताणलेला असतो. पडदा पातळ होतो. मग त्याखाली नको तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि झिरपतात. तुमचं नेमकं मधोमध आहे. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल."

"बरं होईल?"

"पसरणं थांबवता येतं. परत किती दिसेल ते आज सांगितलं तर मी खोटं बोलेन."

मी विचारलं, "बुधवारी घेतलं तर चालेल का? उद्या माझं एक महत्त्वाचं काम आहे."

"काय काम?"

"फोटो काढायचेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. "तुमचा निर्णय आहे. पण मला विचाराल तर आजच घ्या."

बाहेरच्या व्हरांड्यात आमचं भांडण झालं. हलक्या आवाजातलं, कारण आजूबाजूला पट्ट्या बांधलेली माणसं बसली होती.

"एका हॉटेलासाठी डोळा घालवणार आहेस?"

"एक नाही. या माणसाच्या ओळखीवर पुढची सगळी कामं आहेत. आणि एका दिवसाने काय होतंय?"

"तुझे वडील हेच म्हणाले होते."

हे त्यांनी बोलायला नको होतं. बोलल्यावर त्यांनाही ते कळलं. मी पाठ फिरवून खिडकीपाशी गेले. थेंबांमुळे बाहेरचा उजेड सहन होत नव्हता, रस्त्यावरच्या रिक्षा पांढऱ्या लोटात विरघळत होत्या. मला एकाएकी वाटलं, दोन्ही डोळे असेच झाले तर? मी मागे वळले आणि म्हणाले, "सही कुठे करायची ते विचारून या."

हॉटेलमालकाला फोन मीच केला. तो म्हणाला, "ताई, शुक्रवारी उद्घाटन हाय. फोटो वेबसाईटवर चढवाया त्या पोरान्ला दिवस लागतो. मी थांबू शकत न्हाई." मी समजू शकते, असं म्हणाले. "डोळ्याला जपा," एवढं म्हणून त्याने फोन ठेवला. ते काम नाशिकच्या कुणीतरी केलं.

इंजेक्शनच्या टेबलावर चेहऱ्यावर हिरवं कापड टाकलं, डोळ्यापुरतं भोक ठेवून. पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून चिमटा लावला. डोळा थेंबांनी बधिर केलेला, म्हणून दुखत नव्हतं, पण मिटता येत नव्हता, तेच भयंकर होतं. आयुष्यभर मी ज्या डोळ्याने बघून बटण दाबलं त्याच्याकडे आता कुणीतरी नेम धरून बघत होतं.

"वर बघा. तसंच राहा. हलू नका."

एक दाब आला. डोळ्यासमोर काळे गोळे तरंगायला लागले, पाण्यात शाई सुटावी तसे. कुणीतरी माझा हात धरला होता, मी त्या हातात नखं रुतवली. ती नर्स होती. नंतर मी माफी मागितली, तर ती म्हणाली, "सगळेच करतात."

मी पट्टी बांधून बसले असताना यजमान दुकानात लेन्स द्यायला गेले आणि त्या घेऊनच परत आले. दुकानदार म्हणाला होता, मॅडम बऱ्या होऊ द्या, मग बघू.

पुढचे आठवडे वाईट गेले. सुधारणा हळू होते, हे सांगितलेलं असतं, पण ते सोसवत नाही. डॉक्टरांनी चौकटींचा एक कागद दिला होता, मधे ठिपका. रोज सकाळी एक डोळा झाकून त्याकडे बघायचं. एखाद्या दिवशी चौकटी कमी वाकड्या वाटायच्या, मी आनंदाने हाक मारायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तशाच. यजमान शाळेत जाताना आता काही विचारत नसत. चहाचा कप हातात देताना माझ्या तोंडाकडे बघायचे, तेवढ्यावरून समजून घ्यायचे.

दुसऱ्या इंजेक्शननंतर करडा धूर विरळ झाला. त्यातून माणसाचं तोंड दिसायला लागलं, जरा मुरडलेलं, पण तोंड. स्कॅनवर उचललेले थर खाली बसले होते. "थांबलंय," डॉक्टर म्हणाल्या. "उरलेला वाक बहुतेक राहील."

मग मी डाव्या डोळ्याने शिकायला लागले. ऐकायला सोपं वाटतं. डावा डोळा लावला की नाक कॅमेऱ्याच्या पाठीवर चेपतं, श्वासाने स्क्रीन धुरकटते, आणि उजवा डोळा मिटायची माझ्या चेहऱ्याला सवयच नाही. आरशासमोर उभी राहून मी उजवा डोळा मिटायचा सराव करायचे. लेन्सची परीक्षाही एका सकाळी उरकली. वापरलेल्या लेन्सचा डावा कोपरा उजव्यापेक्षा मऊ निघाला, कुठे तरी आपटली असावी. नवी दोन्हीकडे सारखी होती. ती ठेवली, दुसरी परत गेली. पहिल्या दिवशी हेच कळायला हवं होतं. कळलं भलतंच, आणि ते लवकर कळलं.

पण दादा राहिले होते. त्यांचा दुसरा डोळा शिल्लक होता, आणि तो कुणी बघितलाच नव्हता. मी सगळं सांगितल्यावर ते आधी माझ्यावरच भडकले, मग म्हणाले, "माझं काय आता? पिकलं पान." मी कर्जतला गेले आणि दारात बसून राहिले. "तुम्ही आल्याशिवाय जेवणार नाही."

"ल्हानपनी बी अशीच हुतीस," असं म्हणत त्यांनी टोपी घातली.

डॉक्टरांनी त्यांचा चांगला डोळा बराच वेळ तपासला. मी शेजारी उभी होते. शेवटी त्या म्हणाल्या, "पडदा पातळ आहे, पण झिरपत नाही. रोज लक्ष ठेवायचं. काही वाकडं दिसलं की त्याच दिवशी यायचं. दुसऱ्या दिवशी नाही."

दादांना चौकटींचा कागद पटला नाही. म्हणाले, कागद हरवतो. त्यांच्या अंगणातून विजेचा खांब दिसतो. सकाळी आंघोळ झाली की ते हाताने वाईट डोळा झाकून त्याच्याकडे बघतात आणि मला फोन करतात.

"खांब सरळ हाय," ते म्हणतात. "तुझं?"

"कालच्यासारखंच."

"म्हंजी वाढलं न्हाई ना?"

"नाही वाढलं."

"मंग झालं तर," ते म्हणतात, आणि गुरांना पाणी दाखवायला जातात.